मुकी काठी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वेंगुर्ल्याच्या बंदरात 'जयलक्ष्मी' या गलबताची डोलकाठी मोडली. गलबत नांगरावर उभं होतं. वारा इतका मंद होता, की धक्क्यावर वाळत घातलेल्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, कुणी जाळीही टाकली नव्हती. शीड वाळावं म्हणून अर्धं चढवलेलं होतं. इजा कुणालाही झाली नाही. नाळेजवळ, गलबताच्या पुढच्या टोकाशी, जेवायला बसलेला एक खलाशी ताटासकट पळाला. त्याने नंतर सांगितलं, "आवाज काय नाय. ताटावरची सावली हलली म्हणून वर बघितलं, तर काठी खाली यायला निघालेली."

मोड तळापासून पुरुषभर उंचीवर होता. चिरफळ्या नव्हत्या, लोंबणारे धागे नव्हते. खडू मोडावा तशी काठी मोडली होती.

तेलावरच्या जहाजांवर कार्बन-कर बसला आणि पश्चिम किनाऱ्यावर शिडाची गलबतं परत आली, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. गलबतांबरोबर डोलकाठ्यांची मागणी आली. सरळ, उंच, दाट लाकूड हवं होतं. असं लाकूड देणारी ऐंशी-नव्वद वर्षांची चिडाची, म्हणजे पाइनची, झाडं हिमालयात फार उरली नव्हती, आणि उरलेली तोडायला बंदी होती. ही अडचण डॉ. हेमांगी कुबल यांनी सोडवली. कुलूजवळच्या उतारावर त्यांनी वाढवलेल्या चिडाच्या सव्वीस वर्षांच्या झाडांनी ऐंशी वर्षांच्या झाडाइतकं दाट लाकूड दिलं. पहिल्या तोडीतून बारा काठ्या निघाल्या. त्यांतली एक 'जयलक्ष्मी'वर होती. दुसरी 'सोनवेल'वर.

'सोनवेल'ला विजयदुर्ग सोडून तिसरा दिवस होता. ती भर अरबी समुद्रात, ओमानमधल्या सूर बंदराच्या वाटेवर होती. पोटात काजू, आमसुलं आणि आंब्याच्या रसाची पिंपं. माणसं सहा. तांडेल, म्हणजे गलबताची प्रमुख, केतकी कुबल, वय सत्तावीस, हेमांगीची मुलगी.

*

वेंगुर्ल्याच्या सुताराने मोडलेल्या टोकावर क्ष-किरणांचा घनतामापक फिरवला आणि आलेला आलेख हेमांगीच्या कुलूमधल्या संशोधन केंद्राकडे पाठवला. हेमांगीने तो उघडला तेव्हा साडेचार वाजले होते. आलेखात नवीन काही नव्हतं. तीच सपाट रेघ होती, जी तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हा आनंदाने केंद्रातल्या सगळ्यांना जिलबी वाटली होती.

झाडाचं खोड आतून बाहेर जाडावतं. सालीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी आधीच्या लाकडावर नवं कडं चढवतो. सगळी कडी सारखी नसतात. चिडासारख्या सूचिपर्णी झाडात मधल्या मऊ भेंडाभोवतीची पहिली बारा-पंधरा कडी हलकी असतात. तिथे पेशींच्या भिंती पातळ असतात, आणि भिंतींतले बारीक तंतू सैल स्प्रिंगसारखे तिरपे गुंडाळलेले असतात. सालीकडे जावं तशा भिंती जाड होतात, तंतू उभे राहतात, लाकूड दाट आणि ताठ होतं. भाजीबाजारातले शब्द वापरायचे तर आतलं लाकूड कोवळं, बाहेरचं जून. भेंडापासून सालीपर्यंत घनतेचा आलेख काढला, की रेघ टेकडी चढल्यासारखी वर जाते आणि मग पठारावर पोचते.

शंभर वर्षांच्या झाडाचाही शेंडा कोवळ्याच लाकडाचा असतो, कारण तिथलं खोड कालपरवाचं असतं. पालवीकडून एक रासायनिक निरोप सालीखालच्या थराला जात राहतो: तू अजून लहान आहेस. झाड वाढतं, पालवी वर सरकते, खालच्या खोडाला तो निरोप पोचेनासा होतो आणि तिथे जून लाकूड बनू लागतं. हेमांगीने तो निरोप अडवणारा रेणू शोधला. रोप तीन वर्षांचं झालं, की मुळाशी एक सुई. चौथ्या कड्यापासून झाड जून लाकूड करायला लागायचं.

अशा झाडाच्या आलेखात टेकडी नसायची. केतकी लहान असताना आईच्या टेबलावरच्या जुन्या आलेखांना घसरगुंडी म्हणायची. नवा आलेख पहिल्यांदा बघून तिने विचारलं होतं, "आई, ह्यातली घसरगुंडी कुठे गेली?" हेमांगीने हा किस्सा पुढे बऱ्याच भाषणांत सांगितला. लोक दरवेळी हसायचे.

आता तिने आलेख बाजूला ठेवला आणि मोडाचं छायाचित्र मोठं करून पाहिलं. नेहमीच्या काठीत तडा बाहेरच्या जून लाकडात सुरू होतो आणि आत कोवळ्या लाकडाशी येऊन अडतो, वळतो, वर-खाली भरकटतो. या काठीत त्याला अडायला जागाच मिळाली नव्हती. तो सरळ चालत गेला होता.

तिने उरलेल्या अकरा गलबतांसाठी सूचना लिहिली: शीड उतरवा, जवळच्या बंदरात जा, काठीखाली कुणी बसू नका. खाली स्वतःचं नाव घातलं. केंद्राच्या संचालकांची परवानगी तिने घेतली नाही. मग विजयदुर्गला फोन लावला.

*

सुहास कुबल, तिचा नवरा, गलबतवाल्यांच्या सहकारी संस्थेचा रेडिओ-कक्ष सांभाळायचा. आधी पंचवीस वर्षं त्याने मासेमारी केली होती.

"सुहास, 'सोनवेल'वर किती शीड आहे?"

"पूर्ण. आठ नॉटने पळत्येय पोरगी. का गो?"

"मला जोडून दे."

"हेमा, तुझा आवाज बरा नाय."

"जोडून दे आधी. आणि तूही लाइनवर थांब."

उपग्रहावरून आवाज जायला-यायला क्षणभर लागायचा. केतकीचा आवाज आला तो वाऱ्यासकट.

"आई? आज काय विशेष? तू आपणहून फोन?"

"केतू, काठी कशी आहे?"

"झक्कास. मुकी एकदम."

"मुकी म्हणजे काय नक्की?"

"सांगितलं होतं ना तुला गणपतीत, जेवताना. विसरलीस?"

हेमांगी विसरली नव्हती. या किनाऱ्यावरची रीत तिला आता कुठे नीट कळत होती. पहाऱ्याची पाळी बदलताना तांडेल डोलकाठीच्या तळाशी कान लावून ऐकतो. काठी करकरते. भार वाढला की करकर वाढते, लाकूड दमलं की तिचा सूर बदलतो, आणि मोडायच्या आधी काही तास काठी रडते. तेव्हा तांडेल शीड उतरवतो. जी काठी कमी बोलते ती चांगली, आणि जी बोलतच नाही तिला कौतुकाने मुकी म्हणायचं. गणपतीत केतकी म्हणाली होती, "आई, तुझ्या काठीसारखी काठी अख्ख्या किनाऱ्यावर नाही. कितीही वारा असू दे, हूं की चूं नाही." हेमांगी खुशीत हसली होती आणि तिने सोलकढीची वाटी पुढे केली होती.

केंद्रात लाकूड वाकवून मोडायचं यंत्र होतं. त्याची मोटर इतकी आवाज करायची, की चाचणी घेणारे कानांवर संरक्षक चढवूनच आत जायचे. वाकताना लाकूड काय बोलतं ते तिथे कुणी कधी ऐकलं नव्हतं. काठी मुकी आहे हे मुलीला ठाऊक होतं, ती कशाने मुकी झाली असेल हे आईला कळू शकलं असतं, आणि दोघी एका पंगतीत शेजारी बसल्या होत्या.

"केतू, 'जयलक्ष्मी'ची काठी आज मोडली. आपल्याच तोडीतली. मंद वाऱ्यात, नांगरावर. आधी काही आवाज झाला नाही."

पलीकडून केतकीने कुणाला तरी काठीखालून उठायला सांगितलेलं ऐकू आलं.

"कुणी...?"

"कुणालाही काही झालं नाही. ऐक. करकर होते ती कोवळ्या लाकडातले सैल तंतू वाकताना एकमेकांवर घासतात म्हणून. तडा त्यांच्यात येऊन अडतो म्हणून. आपल्या काठीत कोवळं लाकूड जवळपास नाहीच. आत तडा पडला असला तरी ती बोलणार नाही."

"पडलाय का?"

"माहीत नाही."

"किती भार घेईल?"

"माहीत नाही, केतू."

"तू दोनदा 'माहीत नाही' म्हणालीस," केतकी म्हणाली. "म्हणजे मग गंभीर आहे."

मग ती हसली. तिचं हे हसू सुहासच्या ओळखीचं होतं. वयाच्या आठव्या वर्षी आमटी करपली तेव्हाही ती असंच हसली होती. हेमांगी वर्षातले आठ महिने कुलूला असायची, सुहास समुद्रावर. भात लावणं, बापाचा डबा, विजेचं बिल, शाळेच्या पालकसभेला शेजारच्या काकूंना घेऊन जाणं, सगळं केतकी करायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, काय समजूतदार पोर, जणू पोक्त बाई. हेमांगी तेही अभिमानाने सांगायची.

"आई, एक खरं सांग," केतकी म्हणाली. "तिसऱ्या वर्षी मलापण टोचली होतीस काय सुई?"

सुहास रेडिओ-कक्षात खुर्चीत सरळ झाला. मायलेकींच्या मध्ये तो सहसा बोलत नसे.

"नाही," हेमांगी म्हणाली. "तुला सुई लागलीच नाही."

*

शीड उतरवा, असं सांगणं सोपं होतं. अकरापैकी नऊ गलबतांनी तासाभरात तसं केल्याचं कळवलं, एक गोदीत उभंच होतं. 'सोनवेल'चं तसं नव्हतं.

दक्षिणेला लक्षद्वीपच्या पलीकडे कमी दाबाचा पट्टा होता. दुपारच्या बातमीपत्रात त्याचं चक्रीवादळ झालं होतं. ते वायव्येला सरकत होतं आणि परवा सकाळच्या सुमारास 'सोनवेल'ची वाट ओलांडणार होतं. सूर तीनशे तीस सागरी मैल दूर होतं. पूर्ण शिडावर आठ नॉटने गेलं, तर वादळाची नुसती कड लागून गलबत पुढे निघून गेलं असतं. शीड कमी केलं, तर वेग अर्धा होऊन वादळ बरोबर मधल्या वाटेत गाठणार होतं. मागे फिरावं तर वारा तोंडावर. बॅटरीवरची मोटर बंदरात आत-बाहेर करण्यापुरती, चार नॉटने सात तास. मोठी जहाजं आदल्या दिवशीच वाट बदलून दूर गेली होती. तटरक्षक दलाने 'सोनवेल'ची जागा नोंदवून घेतली आणि हेलिकॉप्टरच्या टप्प्यात यायला अजून एक दिवस लागेल असं कळवलं. एका दिवसाने त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं.

हे सगळं सुहासने लेकीला सांगितलं. मध्ये एकदाही त्याचा आवाज बदलला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "जेवलंस गो?"

"खिचडी होत्येय. हसनचाचा करतायत, म्हणजे खारट."

"खारटच बरी," मागून आवाज आला. हसन सोलकर, 'सोनवेल'वरचा सगळ्यात वयस्क माणूस, केतकीच्या बापाबरोबर पूर्वी मासे मारलेला. "तांडेल, आईंना विचार, काठीला बांधून काही होईल काय? जुने लोक सुंभ गुंडाळायचे. चीर पडलेल्या काठीला."

"आई, ऐकलंस?"

हेमांगीने ऐकलं होतं. दोरखंडाने काठी आवळली तर तडा रुंद व्हायला थोडा विरोध होईल, पण काठी तरीही गप्पच राहील. तिला ताकदीपेक्षा सूचना हवी होती. तिने विचारलं, "गलबतावर दुसरं लांब लाकूड कुठलं आहे? साधं लाकूड. आमचं नाही."

"परभाण आहे जादाचं."

शीड ज्याला बांधतात ते लांब लाकूड म्हणजे परभाण. 'सोनवेल'वरचं जादा परभाण कुलूहून काठीबरोबरच आलं होतं. लागवडीच्या कडेला हेमांगीने काही झाडं सुई न टोचता वाढवली होती, तुलनेसाठी. त्यांतल्या एकाचा शेंडा तोडीत वाया जाणार होता, तो तिने ट्रकमध्ये टाकायला सांगितला होता.

"ते तुलनेचं झाड," ती म्हणाली. "केतू, ते सगळं कोवळं आहे. शेंडा आहे तो. काठीला ते उभं बांधा, तळापासून वर जाईल तिथपर्यंत. घट्ट. मध्ये फट राहता कामा नये. काठी वाकली की ते तिच्याबरोबर वाकलं पाहिजे."

"त्याने काठी मजबूत होईल?"

"फार नाही. पण ते करकरेल. आत तडा वाढला तर त्याच वाऱ्यात काठी जास्त वाकायला लागेल. काठी सांगणार नाही, परभाण सांगेल. आणि त्याचं बोलणं तुम्हाला कळतं. मला नाही कळत, तुम्हाला कळतं."

"आणि ते ओरडलं, की शीड खाली."

"लगेच."

"किती वेळ मिळेल? ओरडल्यापासून?"

हेमांगीने तिसऱ्यांदा तेच उत्तर द्यायचं टाळलं. "दहा मिनिटं धर. एकच मिळेल असं समजून माणसं उभी कर."

हसनचाचा मागून म्हणाला, "म्हणजे मुक्याला दुभाष्या दिला."

*

उजेड होता तोवर काम झालं. चौघांनी परभाण उभं धरलं. केतकी स्वतः काठीवर चढली. काथ्याचा सुंभ समुद्राच्या पाण्यात भिजवून त्यांनी हातभर अंतरावर वेढे घेतले, प्रत्येक वेढ्यात पाचर ठोकून तो पिळला. परभाण काठीपेक्षा पातळ होतं, रंगाने पिवळट, ठिकठिकाणी गाठी असलेलं. गुळगुळीत, लालसर काठीशेजारी ते कुणीतरी चुकून आणून बांधल्यासारखं दिसत होतं.

मग केतकीने सगळ्यांना बोलावलं. पूर्ण शीड ठेवायचं की कमी करायचं, हे तांडेलने ठरवायचं असतं. तरी तिने विचारलं. दोघं म्हणाले कमी, दोघं म्हणाले पूर्ण. हसनचाचा म्हणाला, "मी खिचडी केली, तेवढं पुरे. ठरव तू."

"पूर्ण," केतकी म्हणाली. "काठीखाली कुणी बसायचं नाही, फक्त ऐकणारा. पहिली पाळी माझी."

"तुझी का?"

"आईची काठी आहे म्हणून."

दिवेलागणीला सुहासने लाइन पुन्हा जोडली. वारा वाढला होता. 'सोनवेल' साडेआठ नॉटने जात होती.

"परभाण बोलतंय?" त्याने विचारलं.

"बोलतंय, बाबा. पहिल्या झोतालाच सुरू झालं. थांबा, ऐकवते."

तिने फोन परभाणाला टेकवला.

हेमांगी कुलूच्या टेबलाशी बसली होती. खिडकीबाहेर तिच्या झाडांच्या रांगा होत्या, चार हजार, सगळी एका उंचीची. फोनमधून आधी वाऱ्याची घरघर आली. मग खालून, दमून आल्यासारखी, एक करकर. ती थांबली. गलबत दुसऱ्या अंगावर कललं असावं, कारण ती पुन्हा आली, या वेळी लांब, शेवटाला बारीक होत गेलेली. मग छोटीशी टकटक. मग परत करकर. झुल्याच्या कड्या वाजतात तसं, फक्त त्याला ठरलेली लय नव्हती.

सव्वीस वर्षं ती या लाकडाची घनता मोजत आली होती. भेंडापासून सालीपर्यंत, मिलिमीटर-मिलिमीटर. आतल्या कोवळ्या लाकडाला तिच्या अहवालांत 'सदोष भाग' असा शब्द होता. तो शब्द तिचाच होता.

"हे नेहमीचं आहे?" तिने विचारलं.

"हे नेहमीचं. ह्या नुसत्या गप्पा आहेत," केतकी म्हणाली. "घाबरलं ना, तर सूर वर जातो. आपोआप कळतं."

"तुला कसं कळतं?"

"बाबांनी शिकवलं. मी सहा वर्षांची असताना बोटीवर न्यायचे ना, घरी कुणी नसायचं म्हणून. काठीला कान लावून झोपायचे मी."

सुहास म्हणाला, "झोपायची नाय, घोरायची. काठी ऐकू येत नसे मला."

तिघंही हसले. आवाज यायला क्षण लागत असल्यामुळे ते एकत्र हसले नाहीत. एकाचं संपत आलं तेव्हा दुसऱ्याचं पोचलं.

"केतू," हेमांगी म्हणाली, "त्या दिवशी गणपतीत तू सांगितलंस, तेव्हा मी विचारायला हवं होतं. मुकी का, असं."

"मीपण सांगायला हवं होतं, की मला ते आवडत नाही."

"काय?"

"मुकी काठी. सगळ्यांना कौतुक. मला पाळीवर एकटं वाटायचं. कान लावला तर पलीकडे कुणीच नाही. तुला वाईट वाटलं असतं म्हणून नाही बोलले."

हेमांगीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आता बोल. मी आहे."

"आता पाळी आहे, आई. आता मला ऐकू दे."

"मीपण ऐकते. तू तुझं काम कर, लाइन राहू दे."

लाइन राहिली. सुहासने इतर गलबतांसाठी दुसरा संच वापरला. परभाण बोलत होतं.

*

दुसरा दिवस बरा गेला. 'सोनवेल'चा वेग आठच्या खाली आला नाही. दुपारी हसनचाचाने कळवलं, की करकर कालच्यासारखीच आहे आणि तांडेल दोन तास झोपली. कुलूला केंद्राच्या संचालकांनी हेमांगीला बोलावून विचारलं, की एका काठीवरून चार हजार झाडांबद्दल असा निष्कर्ष काढणं घाईचं नाही का. तिने सांगितलं, निष्कर्ष अजून काढलेला नाही, काठ्या उतरवल्या आहेत. मग ती टेबलाशी परत आली.

संध्याकाळी केतकीने शेवटचं जे सांगितलं ते सुहासने नोंदवून ठेवलं आहे. "लाटा मोठ्या झाल्यात. सूर थोडा वर गेलाय, पण गप्पाच आहेत अजून. आईला सांगा, परभाणाला मी नाव ठेवलंय. घसरगुंडी." त्यानंतर आवाजाची लाइन तुटली. आवाजाचा अँटेना डोलकाठीच्या टोकावर असतो. दाट ढगातही तो बंद पडतो, आणि काठी गेली तर काठीबरोबर जातो.

जागा आणि वेग सांगणारा ट्रान्समीटर वेगळा, मागच्या बाजूला, सुकाणूपाशी असतो. तो चालू राहिला. दर अर्ध्या तासाने त्याचा सिग्नल विजयदुर्गला येत होता आणि सुहास तो कुलूला वाचून दाखवत होता. आठ. साडेआठ. आठ.

सकाळी सहाच्या सिग्नलला वेग चार होता.

"चार," सुहास म्हणाला.

"दिशा?"

"तीच. सूरकडे. चाळीस मैल उरलेत."

"शीड उतरवलं तिने," हेमांगी म्हणाली. "परभाण ओरडलं आणि तिने उतरवलं. लहान वादळी शीड ठेवलं असेल."

"हो," सुहास म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "वादळी शिडावर चारच येतात."

काठी मोडली असली, तर मोटरवरही चारच येतात. ते दोघांनाही माहीत होतं.

वादळाची कड नऊच्या सुमारास 'सोनवेल'वरून गेली. सूर बंदराने बचावनौका तयार ठेवली आहे, पण लाटा उतरल्याशिवाय ती बाहेर निघणार नाही. लाइन जोडलेली आहे. कुलूच्या टोकाला हेमांगी आहे, विजयदुर्गच्या टोकाला सुहास. शेजारच्या बाईंनी त्याला पेज आणून दिली, ती झाकून ठेवली आहे.

'सोनवेल'च्या मोटरची बॅटरी सात तास पुरते; त्यानंतरही वेग चार राहिला, तर तो शिडाचा. चार नॉटचा पहिला सिग्नल आला त्याला आता साडेसहा तास झाले. ताजा सिग्नल साडेबाराचा आहे. सूर चौदा मैल. वेग चार.